चूक सांगा, कॉफी घ्या

साहेबांचं व्हिजिटिंग कार्ड भेगेत अर्धं गेलं होतं, ते आता पूर्ण आत गेलं. टक् असा आवाज झाला, अडकित्त्याने सुपारी फोडल्यासारखा, आणि माझ्या बाल्कनीवर दाटीवाटीने उभे असलेले सगळे इंजिनियर एकदम गप्प झाले. माझ्या घरात ही माणसं एवढी गप्प कधीच बसली नव्हती.

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "काय फोडलंत?"

मग त्याचा आवाज आला, अगदी हळू. "कोणी हलू नका. श्वास घ्यायला हरकत नाही."

तो म्हणजे माझा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू; माझं स्वयंपाकघर आणि बाल्कनीही त्याच मजल्यावर. वयाने म्हातारा होता, पण मी त्याच्याहून मोठी, म्हणून 'तो' म्हणते. तोंडावर 'अहो इंजिनियर' म्हणायची. तो मला 'अक्का' म्हणायचा. मूळचा बेळगावकडचा, लग्न केलं नाही, आणि आयुष्यभर बंगळूरमध्ये इमारती उभ्या राहतील की नाही हे ठरवत बसला. हा एक वेगळाच धंदा असतो. घर दिसेल कसं ते दुसरा कोणी ठरवतो. उभं कसं राहील ते हे लोक ठरवतात. घर उभं राहिलं तर यांचं नाव कोणी घेत नाही. पडलं की घेतात.

चिकपेटच्या मागच्या गल्लीत आमचं घर. खोली बघायला आला तेव्हा माझ्याकडे न बघता तो आधी छताकडे बघायला लागला. इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं मान अडकली असेल. मी तेल आणायला निघाले होते. मग त्याने भिंतीवर तळहात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि म्हणाला, "बांधणारा भित्रा होता. उत्तम."

"माझे सासरे होते ते," मी म्हटलं.

"मग सासरे भित्रे होते. घर टिकेल, अक्का."

त्याला माणसात एकच गुण आवडायचा, भीती. धीट माणसाने बांधलेल्या जिन्यावर तो पाय ठेवायचा नाही. माझ्या भाचीच्या लग्नात त्याने मांडवाचा खांब हलवून बघितला आणि जेवणाची अख्खी पंगत उठवून दुसरीकडे बसवली. नवऱ्याकडची माणसं चिडली. मांडव काही पडला नाही. मी त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, "पडला नाही, कारण खाली कोणी बसलं नव्हतं." मी हात टेकले.

माझ्या स्वयंपाकघरातला वाटायचा दगड खोलीच्या मध्ये होता, तो त्याने पहिल्याच आठवड्यात भिंतीकडे सरकवायला लावला. मी नको म्हटलं तर रोज जाता-येता दारात उभा राहून त्या दगडाकडे असं बघायचा की शेवटी मीच सरकवला. दूध मात्र त्याला कधी नीट तापवता आलं नाही. दर वेळी उतू जायचं. ज्याला मोठमोठ्या इमारतींचा भार कळतो त्याला पातेल्यातलं दूध कधी वर येतं ते कळू नये, याचं मला शेवटपर्यंत नवल वाटलं.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्याने रविवार सुरू केले. त्याच्या जुन्या ऑफिसात नवी मुलं लागत, कॉलेजातून नुकतीच आलेली. त्यांना एक खुर्ची आणि एक कॉम्प्युटर मिळे, आणि मुलं त्यातच बुडून जात. "अक्का," तो म्हणाला, "कॉम्प्युटरवर दिवसभर इमारती बांधतात. खऱ्या इमारतीला हात लावलेला नाही. आणि या अख्ख्या गावात ओळख कोणाशी, तर जेवणाचा डबा आणून देणाऱ्याशी."

"मग करू दे की त्याच्याशी ओळख. जेवायला तरी मिळतं."

"मिळतं. पण एखादा खांब चुकला तर विचारायचं कोणाला? डबेवाल्याला?"

तर दर रविवारी सकाळी ही मुलं यायची. कोणी यशवंतपूरहून, कोणी सर्जापूर रोडहून दोन बस आणि मेट्रो बदलून. पुण्याची, मुंबईची, केरळची, बिहारची, इथली. आपसात बोलताना हिंदीत सुरू करायची आणि इंग्रजीत संपवायची. पुढे जायचं कसं, ओळखी वाढवायच्या कशा, हे शिकायला यायची. इथे येण्याआधी मोठमोठ्या हॉटेलांत होणाऱ्या सभांना गेलेली असायची. तिथे म्हणे गळ्यात नावाची पट्टी घालतात, एकमेकांना कार्डं देतात, आणि फोनवर एकमेकांच्या नावापुढे बोट दाबून ठेवतात, झाली ओळख.

त्याला याचा भयंकर राग. दारात वेताची टोपली ठेवलेली असे. आत येणाऱ्याने सगळी कार्डं तीत टाकायची. जाताना परत मिळत नसत. माझ्या कपाटाचा एक पाय डुगडुगायचा, त्याखाली कुठल्याशा कंपनीच्या मालकाचं कार्ड चौपदरी घडी करून घातलेलं आहे. अजून आहे. कार्ड चांगलं जाड आहे.

खुर्च्या नव्हत्या. खुर्ची मिळाली की माणूस शेजारच्याशीच बोलतो, असं तो म्हणायचा. खुर्ची एकच, बाल्कनीच्या टोकाला, वेताची, त्याची स्वतःची. आणि खरा नियम कॉफीचा होता. चूक सांगितल्याशिवाय कॉफी नाही. कामात केलेली खरी चूक सगळ्यांसमोर सांगायची, आणि ती कोणी पकडली त्याचं नाव सांगायचं. मग पुढच्या रविवारी त्या पकडणाऱ्याला सोबत घेऊन यायचं. जो चूक सांगत नाही त्याला त्याच स्टीलच्या पेल्यात गरम पाणी.

"कोणाला भेटलात तर नोकरी मागू नका, चूक मागा," तो मुलांना सांगायचा. "नोकरी तो देणार नाही. चूक देईल. आणि ज्याने तुम्हाला आपली चूक दिली तो तुम्हाला विसरत नाही." दुसरं एक नेहमीचं होतं. "रविवारी सकाळी सहाला फोन केला आणि शिव्या देऊन का होईना, उचलला, तर ती ओळख. बाकी सगळी कार्डं."

मला हा प्रकार पहिल्यांदा येडेपणा वाटला. पण माझं घर भरत गेलं ते याच नियमाने. एका मुंबईच्या मुलाने दाराच्या बरोबर डोक्यावर आडवी तुळई काढली होती, इतकी खाली की तिथला वॉचमन वाकून जातो आणि जाताना त्याच्या नावाने ओरडतो. पुढच्या रविवारी मुलगा त्या वॉचमनला घेऊन आला. वॉचमन दोन पेले कॉफी प्यायला आणि तीच गोष्ट त्याने जास्त रंगवून सांगितली. असे सळ्या बांधणारे आले, ठेकेदार आले, ऑफिसातले वरचे लोक आले. ज्याची चूक त्याने आणि ज्याने पकडली त्याने एकत्र उभं राहून कॉफी प्यायची. भांडलेली माणसं होती ती. माझ्या पायऱ्या उतरताना एकमेकांचे नंबर घेऊन उतरायची.

तो स्वतः कॉफी रोज प्यायचा आणि चूक कधी सांगायचा नाही. मुलांनी विचारलं तर म्हणायचा, "मी घरातला. घरातल्यांना नियम नाही." मी म्हटलं, "घर माझं आहे." तर ऐकू न आल्यासारखं करायचा.

आता त्या नागपूरच्या मुलीबद्दल सांगते. ती येऊन बरेच रविवार झाले होते आणि दर रविवारी गरम पाणी प्यायची. सर्जापूर रोडला मुलींच्या पीजीत राहायची. बारीक अंगाची, बोलायची तर इतकी हळू की मला दर वेळी 'काय?' विचारावं लागे. आणि मला ऐकू चांगलं येतं. तिच्या कंपनीने काम कमी झालं म्हणून तिला काढलं होतं. महिनाअखेरपर्यंत दुसरी नोकरी लागली नाही तर पीजी सोडायचं आणि नागपूरला जाऊन वडिलांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, असं घरून ठरलं होतं.

"काहीतरी बनवून सांग की," मी तिला म्हटलं. "इथे कोण तपासतंय?"

"आजी, चूक खोटी सांगितली तर पकडणारा पण खोटा आणावा लागेल नं."

हे तिचं बरोबर होतं.

मग एकदा कॉफीचे पेले विसळताना तिने मला खरं काय ते सांगितलं. तिच्या वरच्या माणसाने एका नकाशात चूक केली होती. हिला ती दिसली. ही नवी, तो जुना, ही बोलली नाही. पुढे बांधलेलं फोडावं लागलं. हिला कोणी काही विचारलंच नाही. "मग ही माझी चूक आहे का, आजी? मी तं काहीच केलं नव्हतं."

"मला विचारू नकोस," मी म्हटलं. "मी चौथीपर्यंत शिकले. त्याला विचार."

"सरांना कसं विचारू?"

भेगेत कार्ड गेलं त्या रविवारी तिच्यासाठीच त्याने एका मोठ्या साहेबांना बोलावलं होतं. साहेबांची स्वतःची कंपनी, त्यांना एक माणूस हवा होता. त्याने मुलीला आदल्या दिवशीच फोनवर बजावलं, "उद्या बोल. मोठ्याने बोल. ज्याचा आवाज दारापर्यंत जात नाही त्याला मी कोणाच्या हाती देऊ?"

साहेब आले. बूट चकचकीत, पोट पुढे. एक कार्ड टोपलीत टाकलं, पण अशा माणसांच्या खिशात आणखी असतात. नियम सांगितल्यावर हसले. "माझ्या हातून तसं काही घडलेलं नाही बुवा," म्हणाले. त्याने मला खूण केली, मी गरम पाणी दिलं. साहेबांना ही गंमत वाटली. पाणी प्यायले.

इकडे मी मुलीजवळ कुरकुर करत होते. सकाळी बाल्कनी धुतली होती. पाणी ओतावं तर नळीतून पडतच नाही, मध्येच कुठे गडप होतं आणि खाली धुण्याच्या दगडावर ठेवलेले माझे पिळलेले कपडे पुन्हा भिजतात. ही रोजची कटकट झाली होती. मुलगी बाहेर गेली. दाराला लागून टाकलेली चटई तिने उचलली आणि परत आली ती पांढरीफटक.

"आजी, भेग आहे. भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"असू दे. माझ्या टाचेलाही आहे."

"तसं नाही आजी. पाणी खाली जातं म्हणजे आरपार आहे. सरांना सांगायला पाहिजे. पण साहेबांसमोर कसं सांगू? त्यांच्याच घरात?"

"घर माझं आहे," मी म्हटलं. या दोघांनाही हे सारखं सांगावं लागायचं.

ती चुलीपाशी उभी राहिली. गेली, परत आली. आज हाच एक माणूस तिची ओळख करून देणार होता, आणि त्यालाच सगळ्यांसमोर सांगायचं की तुमच्या खुर्चीखालची जमीन फाटली आहे. शेवटी गेली आणि त्याच्या कानाशी वाकून सांगितलं. अगदी हळू.

त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. वाढदिवसाला सायकल मिळावी तसा. "भेग? माझ्या बाल्कनीला? या रे या, सगळे या!"

आणि सगळे गेले. आग लागली तर माणसं बाहेर पळतात. इंजिनियर लोकांना भेग दिसली की ते तिच्यावर जाऊन उभे राहतात. फोन काढून फोटो सुरू झाले. एक म्हणाला उन्हाने आली आहे, दुसरा म्हणाला नुसती प्लास्टरची आहे, तिसरा म्हणाला जुनी आहे, काही होत नाही. मागच्यांना दिसेना म्हणून ते कठड्याला टेकून वाकले. हा अध्यक्षासारखा टोकाला आपल्या खुर्चीत. साहेब गुडघ्यांवर बसले आणि भेग किती रुंद आहे ते बघायला खिशातलं कार्ड काढून तिच्यात घातलं. एवढ्या वर्षांत कार्डाचा उपयोग केलेला मी तेवढाच पाहिला.

पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच.

तर टक् झालं. मी दाराशी आले. मुलगी उंबऱ्याच्या आत उभी होती, ती तेवढी बाहेर गेली नव्हती. आणि मग त्या माणसांनी काय करावं? वाद घालायला सुरुवात केली. टोकाचे आधी यायला हवेत, टोकाचा भार जास्त लागतो. अरे पण दारात तू आहेस, टोकाचे येणार कुठून? मग दोघे-दोघे येऊ. नको, एकेक. साहेब म्हणाले, "मी जवळ आहे, मी निघतो," आणि ताडकन उठायला लागले. ते उठले तसे चार-पाच जण हलले. पुन्हा टक् झालं.

"थांबा नं सगळे!"

मी दचकले. मला वाटलं गल्लीतून कोणी ओरडलं. ती मुलगी होती.

"काय करून राहिले बाप्पा तुम्ही? हलू नका म्हणते तं हलू नका! साहेब, उठायचं नाही. रांगत या. रांगत! पोट आत घ्या. बस. आता निळा शर्ट, तू. कठडा सोड आधी. पळाला तं पायच मोडीन तुझे. हळू. आता तू. फोन खिशात ठेव नं बे!"

साहेब रांगत आत आले, चकचकीत बुटांसकट. मी त्यांना धरून भिंतीशी उभं केलं. मग एकेक करत बाकीचे. दाराजवळचे आधी, टोकाचे शेवटी. कोणी वाद घातला नाही. मी नुसती पुटपुटत होते, निधान, निधान, सावकाश या. एक मुलगा आत आला तो सरळ माझ्या वाटायच्या दगडावर बसला.

शेवटी तो एकटा राहिला, टोकाला, खुर्चीत.

"सर, आता तुम्ही. खुर्ची सोडा, पाय घासत या."

हा उठेना. "आधी सांग," म्हणतो, "चूक कोणाची?"

"सर!"

"कोणाची?"

"माझी!" ती रडत ओरडली. "कानात सांगितलं मी. ओरडून सांगायला पाहिजे होतं, सगळ्यांना थांबवायला पाहिजे होतं. मागच्या कंपनीत बी हेच केलं. दिसलं आणि चूप बसली."

"पकडली कोणी?"

"मीच पकडली! या नं आता!"

"सरी," तो म्हणाला, म्हणजे ठीक आहे. मग मला हाक मारली, तिथूनच, टोकावरून. "अक्का, पोरीला कॉफी द्या. साखर स्वल्प जास्त."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आत या हो आधी! तुम्ही खाली गेलात तर नवा भाडेकरू शोधायचा कोणी?"

तो आला. ओल्या फरशीवरून चालावं तसा, पाय न उचलता. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला आणि वळून बघितलं. आम्हीही बघितलं. बाल्कनी वाकली. धाडकन पडली नाही, बिजागरीवरची फळी खाली यावी तशी आली आणि भिंतीला लोंबकळत राहिली. खुर्ची घसरत गेली आणि धुण्याच्या दगडावर फुटली. खाली कोणी नव्हतं. तिथे जाणारी मी एकटी, आणि मी वर होते.

झालं काय होतं ते त्याने मला नंतर समजावलं. "हात पुढे करा, अक्का. बादली धरा. ताण कुठे येतो?" मी म्हटलं, वर, खांद्यावर. "मग सळ्या वर पाहिजेत. बाल्कनी नंतर जोडलेली आहे. ओतताना कोणी तरी सळ्यांवर पाय देऊन चाललं, त्या खाली बसल्या. मग सगळा भार नुसत्या सिमेंटवर."

"आणि तुम्ही इतकी वर्षं तिच्यावर बसून काय करत होता?"

याचं उत्तर त्याने सगळ्यांसमोर दिलं. पुढच्या रविवारी सगळे आले, बाल्कनीच्या दाराला आडव्या फळ्या ठोकलेल्या होत्या. तो रांगेत उभा राहिला, सगळ्यांच्या मागे. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "मी ज्या घरात गेलो तिथे आधी वर बघितलं. इथे रोज बसलो आणि खाली बघितलं नाही, कारण तिथे वारा चांगला यायचा. आणि भेग दिसली तेव्हा माणसं बाहेर काढायची सोडून त्यांना तिच्यावर बोलावलं. पकडली हिने." मी त्याला कॉफी दिली. त्याआधी मी त्याला आठवडाभर दिली नव्हती. नियम म्हणजे नियम.

साहेबही आले होते. त्यांनी गुडघे, कार्ड, सगळं सांगितलं आणि कॉफी घेतली. मुलीला नोकरीचं मात्र काही बोलले नाहीत. ती मान खाली घालून गेली. महिना संपायला आला होता. मी ठरवून टाकलं की ही आता झेरॉक्स काढणार.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी सहाला तिचा फोन वाजला. तिने उचलला आणि झोपेतच म्हणाली, "कोण मरून राहिलं बे इतक्या सकाळी?" पलीकडे साहेब. ते म्हणे इतके हसले की नोकरीचं बोलायला त्यांना वेळ लागला. ती अजून त्यांच्याकडेच आहे. आता साईटवर तिचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जातो असं ऐकते. येते अधूनमधून, कॉफी पिते आणि जाते.

बाल्कनी पुन्हा बांधली नाही. त्या जागी खिडकी केली. रविवार मुलांनी चालू ठेवले आहेत, पेले मी विसळत नाही, त्यांनाच विसळायला लावते.

तो गेला दोन वर्षांनी, अंथरुणात, छताकडे बघत. छताला काही झालेलं नव्हतं.